तुम्हाला फ्रेंच किती येतं? शब्द मोजण्याच्या सव्वाशे वर्षांची गोष्ट

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा मजकूर. बोलताना पन्नास वेळा आलेला 'म्हणजे' आणि मध्येच वाजलेली कुकरची शिट्टी तेवढी काढून टाकली आहे. बाकी बऱ्यापैकी तसंच ठेवलंय.

आजचा विषय इतिहासाचा आहे, पण सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो. कारण ती चूक झाली नसती तर मी या इतिहासाकडे वळलोच नसतो.

काही वर्षांपूर्वी मी पुण्यात एका कंपनीत फ्रान्समधल्या ग्राहकाचं काम करत होतो. बीटेक करताना संध्याकाळी फ्रेंचचे क्लास केले होते, हातात प्रमाणपत्र होतं, त्यामुळे टीममध्ये माझी ओळख 'फ्रेंच येणारा' अशी होती. कधीकधी ग्राहकाचे आपसातले फ्रेंच ईमेल आमच्यापर्यंत यायचे आणि मी ते टीमला समजावून सांगायचो. एकदा अशाच एका ईमेलमध्ये होतं की अहवाल पीडीएफमध्येही काढता यावा, आणि पुढे एक शब्द होता: 'एव्हांत्युएलमां'. हा शब्द दिसायला इंग्रजीतल्या 'इव्हेंच्युअली'सारखाच. मी सांगून टाकलं, "हे शेवटी लागणारच आहे, आत्ताच करून टाकू." टीमने दोन शनिवार-रविवार घालून ते केलं. एका सहकाऱ्याच्या घरी दीड दिवसाचा गणपती असतो, त्याने गावाला जायचं तिकीट रद्द केलं.

डेमोच्या दिवशी ग्राहकाने विचारलं, हे का केलंत? फ्रेंचमध्ये 'एव्हांत्युएलमां' म्हणजे 'कदाचित', 'गरज पडलीच तर'. त्यांनी सहज एक शक्यता लिहिली होती.

आमची टीम लीड नंतर एवढंच म्हणाली, "अरे, शंका होती तर विचारायचंस ना."

खरं सांगायचं तर मला शंका नव्हतीच. तो शब्द 'मला येतो' अशी माझी पक्की खात्री होती. आपण मराठीत किती सहज म्हणतो बघा: पोहता येतं, स्वयंपाक येतो, फ्रेंच येतं. पण शब्द 'येतो' म्हणजे नक्की काय होतं? आणि एखाद्याला किती शब्द येतात हे बाहेरून कसं मोजायचं, जेव्हा त्याची स्वतःची खात्रीच चुकीची असू शकते? या प्रश्नाच्या मागे लागलो तेव्हा कळलं की लोक १८९१ पासून याच्याशी झगडतायत, आणि फ्रेंच शिकणारे विद्यार्थी या गोष्टीत पुन्हा पुन्हा येतात.

डिक्शनरी उघडा आणि मोजा

१८९१ साली किर्कपॅट्रिक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 'सायन्स' या नियतकालिकात एक छोटा लेख लिहिला: साधारण माणसाला किती शब्द माहीत असतात? त्या काळच्या पद्धतीमागची कल्पना अगदी सरळ होती. डिक्शनरीतली काही पानं किंवा शब्द निवडायचे, त्यातले किती येतात ते बघायचं, आणि त्या प्रमाणात पूर्ण डिक्शनरीचा हिशोब करायचा. शितावरून भाताची परीक्षा!

पुढची पन्नास वर्षं ही पद्धत चालली, आणि तिचा कळस झाला १९४० मध्ये. सीशोर आणि एकरसन या दोघांनी मोठ्या डिक्शनरीतून ठरावीक जागेवरचे शब्द उचलले आणि अमेरिकन कॉलेज विद्यार्थ्यांना विचारले. निष्कर्ष काय निघाला? सरासरी विद्यार्थ्याला स्वतःच्या भाषेतले १,५५,७३६ शब्द येतात. दीड लाखाच्या वर!

सॅम्पलिंगचं थोडंफार काम केलेल्या कोणालाही इथे खटकायला हवं. समजा तुम्ही मोल्सवर्थचा कोश घेतलात आणि दर दहाव्या पानावरच्या एका ठरावीक जागेवर बोट ठेवलंत. बोट कशावर पडण्याची शक्यता जास्त? 'करणे', 'हात', 'पाणी' अशा शब्दांवर, कारण त्यांचे अर्थ आणि वाक्प्रचार मिळून ते जास्त जागा व्यापतात. म्हणजे जे शब्द सगळ्यांना येतातच, तेच नमुन्यात जास्त येणार, आणि आकडा फुगणार. थॉर्नडाइकने हा दोष १९२४ मध्येच दाखवला होता, तरी १९४० मध्ये तीच चूक पुन्हा झाली. १९९० मध्ये गोल्डन, नेशन आणि रीड यांनी न्यूझीलंडमध्ये हा दोष टाळून मोजणी केली. तेव्हा इंग्रजी मातृभाषा असलेल्या पदवीधरांचा आकडा आला सुमारे १७,००० मूळ शब्दांचा.

'मूळ शब्द' कशाला म्हणायचं हाही एक मुद्दा आहे. 'जातो', 'गेलो', 'जाईन' हे तुम्ही तीन शब्द धरणार की एक? फ्रेंचमध्ये 'जाणे' या क्रियापदाची रूपं 'व्हे', 'आलों', 'इरे' अशी एकमेकांना ओळखही न दाखवणारी आहेत. ती वेगवेगळी मोजलीत तर एका फटक्यात विद्यार्थ्याचा शब्दसंग्रह वाढतो, त्याने नवीन काहीही न शिकता. दीड लाख आणि सतरा हजार यांच्यातला बराचसा फरक अशाच निर्णयांचा आहे.

कुठले शब्द मोजायचे?

आता परकी भाषा शिकणाऱ्याचा विचार करा. दोन वर्षं फ्रेंच शिकलेल्या मुलाला डिक्शनरीच्या मधूनच शब्द उचलून विचारणं काही कामाचं नाही. त्याला जवळजवळ सगळेच अनोळखी असणार. त्याच्यासाठी आधी हे ठरवायला हवं की कुठले शब्द आधी यायला हवेत. म्हणजे वापराच्या क्रमाने यादी हवी.

अशा याद्यांची सुरुवात झाली लघुलिपीमुळे, शिक्षणाशी तिचा संबंध नव्हता. जर्मनीत केडिंगने १८९७-९८ मध्ये सुमारे एक कोटी दहा लाख शब्दांचा मजकूर माणसांकरवी मोजून घेतला, कारण लघुलेखकांना कुठल्या शब्दासाठी छोटी खूण हवी हे ठरवायचं होतं. संगणक नाही, काही नाही, फक्त कागद आणि शेकडो माणसं. फ्रान्समध्येही एस्तूप नावाच्या लघुलेखकाच्याच लक्षात आलं की शब्दांची वारंवारता आणि त्यांचा क्रमांक यांत एक नियमित नातं असतं. आज आपण त्याला झिफचा नियम म्हणतो. थोडे शब्द सतत येतात आणि हजारो शब्द क्वचित.

थॉर्नडाइकने १९२१ मध्ये शिक्षकांसाठी दहा हजार इंग्रजी शब्दांची यादी छापली. मग १९२४ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या हेनमनने चार लाख शब्दांचा फ्रेंच मजकूर मोजून फ्रेंचची यादी केली. त्याच वर्षी अमेरिका आणि कॅनडात परकीय भाषांच्या शिक्षणाचा एक मोठा अभ्यास सुरू झाला. त्यातून १९२९ मध्ये वँडर बेकची नवीन फ्रेंच यादी आली, जवळपास साडेअकरा लाख शब्दांच्या मजकुरावर आधारलेली. त्याने एक हुशारी केली. शब्द किती वेळा आला यापेक्षा तो किती वेगवेगळ्या पुस्तकांत आला, याला महत्त्व दिलं. नाहीतर एखाद्या समुद्रावरच्या कादंबरीमुळे 'शीड' हा शब्द रोजच्या वापरातला ठरायचा!

याद्या आल्या तशा परीक्षाही आल्या. त्याच अभ्यासातून निघालेल्या 'अल्फा' फ्रेंच परीक्षेत शब्दसंग्रहाचा वेगळा भाग होता आणि प्रश्न बहुपर्यायी होते. वेगवेगळ्या शाळा-कॉलेजांतल्या फ्रेंचच्या विद्यार्थ्यांना एकाच मापाने मोजता येऊ लागलं.

आणि माप हाती आलं की धोरण बदलतं. बहुतेक अमेरिकन विद्यार्थी परकी भाषा जेमतेम दोन वर्षं शिकतात, हे या अभ्यासात समोर आलं. १९२९ मध्ये कोलमनच्या अहवालाने म्हटलं की एवढ्या वेळात बोलणं शिकवायचा आव आणू नका, वाचता येईल एवढं उद्दिष्ट ठेवा. त्यामुळे अमेरिकेत पुढची बरीच वर्षं फ्रेंचचा वर्ग म्हणजे मुख्यतः वाचनाचा वर्ग झाला.

हरवलेला काटा

या सगळ्या याद्यांत एक गोष्ट समान होती. त्या छापील मजकुरातून केलेल्या होत्या. पण लोक बोलतात कसे?

१९५१ मध्ये फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाने हे काम हाती घेतलं. महायुद्धानंतर इंग्रजीचा जोर वाढत होता, आठशे पन्नास शब्दांच्या 'बेसिक इंग्लिश'चा बोलबाला होता. फ्रेंच परदेशात आणि वसाहतींमध्ये लवकर शिकवता यावी, अशी सरकारची इच्छा होती. जॉर्ज गुगेनेम यांच्या नेतृत्वाखालच्या गटाने टेपरेकॉर्डर घेऊन लोकांची साधी संभाषणं ध्वनिमुद्रित केली. एकूण १६३ ध्वनिमुद्रणं, २७५ माणसं, ३,१२,१३५ शब्द. त्यात वेगवेगळे शब्द निघाले जेमतेम आठ हजार.

ही माझी या इतिहासातली सगळ्यात आवडती जागा आहे. त्यांनी वारंवारतेप्रमाणे यादी लावली आणि बघतात तर काय, 'आहे', 'करणे', 'गोष्ट' वगैरे मंडळी वर दिमाखात बसलेली, पण 'फुर्शेत', म्हणजे जेवायचा काटा, यासारख्या साध्या वस्तूंची नावं जवळजवळ गायब! फ्रान्समध्ये ज्याला 'काटा' हा शब्द येत नाही असा माणूस सापडणार नाही, तरी तीन लाख शब्दांच्या बोलण्यात त्याला जागा नव्हती. कारण सोपं आहे. जेवताना काटा हातात असतो, त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही. आपल्याकडेही दिवसभराचं बोलणं रेकॉर्ड केलंत तर 'पळी' किंवा 'सांडशी' किती वेळा येईल? पण घरात सांडशी सापडेना झाली की तो शब्द लागतोच.

गटातल्या रने मिशेआ यांनी यासाठी वेगळी कल्पना मांडली: 'हाताशी असलेले शब्द'. वारंवार वापरले जात नाहीत, पण विषय निघाला की लगेच तोंडात येतात, असे शब्द. ते शोधायला त्यांनी शाळकरी मुलांना सोळा विषय दिले, उदाहरणार्थ घर, कपडे, जेवण, आणि प्रत्येक विषयावर सगळ्यात उपयोगी वाटणारे वीस शब्द लिहायला सांगितले. अशा रीतीने काटा यादीत परत आला. शेवटी पहिल्या पातळीची यादी सुमारे १,४७५ शब्दांची झाली. तिलाच पुढे 'फ्रांसे फोंदामांताल', म्हणजे पायाभूत फ्रेंच, असं नाव मिळालं.

सगळ्यांना हे आवडलं असं नाही. मार्सेल कोएन यांच्यासारख्या मोठ्या भाषातज्ज्ञाने जोरदार विरोध केला. वसाहतींतल्या मुलांना मोजकी, कापलेली भाषा देऊन त्यांची बोळवण करायची आहे का, हा त्या विरोधाचा सूर होता. हा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो. 'इतके शब्द पुरेत' असं कोणी म्हणालं की विचारावं, कोणाला आणि कशासाठी पुरेत?

खोटे शब्द

आता येऊ माझ्या चुकीच्या जवळ. यादी तयार आहे असं धरा. विद्यार्थ्याला पाच हजार शब्द एकेक करून विचारता येणार नाहीत. बहुपर्यायी प्रश्न करायला वेळ लागतो आणि त्यात अंदाजाने ठोकताही येतं. मग सरळ त्यालाच विचारलं तर? हा शब्द येतो का, हो की नाही?

झटपट होईल, पण माणूस खोटं बोलेल. बहुतेकदा तो मुद्दाम बोलत नाही, माझ्यासारखा मनापासून चुकतो.

यावर उपाय सुचवला गेला तो असा की यादीत काही खोटे शब्द मिसळायचे. भाषेच्या नियमात बसणारे, ऐकायला अस्सल, पण अस्तित्वातच नसलेले. मातृभाषेच्या चाचण्यांत मानसशास्त्रज्ञ ही युक्ती आधीपासून वापरत होते. पॉल मिएरा आणि बक्सटन यांनी १९८७ मध्ये परकी भाषा शिकणाऱ्यांसाठी तिचा पद्धतशीर वापर मांडला. मी इथल्या इथे एक बनवून दाखवतो: 'मार्तिब्यूल'. ऐकताना वाटतं की नाही, की असेल काहीतरी, दाराचा एखादा भाग वगैरे? असा शब्द 'येतो' म्हणणाऱ्याचे गुण कापायचे.

यामागचं गणित इंजिनिअरांच्या ओळखीचं आहे. रडारच्या पडद्यावर ठिपका दिसला तर ते विमान की नुसता गोंगाट? प्रत्येक ठिपक्याला 'विमान' म्हणणारा एकही विमान सोडणार नाही, पण सारखा खोटा भोंगा वाजवेल. म्हणून खऱ्या ओळखी आणि खोटे भोंगे दोन्ही मोजायचे. विसाव्या शतकाच्या मध्यावर रडारसारख्या कामांतून वाढलेला हा सिद्धांत शब्दांच्या परीक्षेला लावला गेला.

मिएरा पुढे वेल्समधल्या स्वान्झी विद्यापीठात गेले. तिथे जेम्स मिल्टन यांच्याबरोबर त्यांनी 'एक्स-लेक्स' नावाची चाचणी केली. एकूण १२० शब्द. सगळ्यात वापरातल्या पाच हजार शब्दांचे हजाराचे पाच गट, प्रत्येकातून वीस, असे शंभर खरे, आणि वर वीस खोटे. खऱ्या शब्दाला 'हो' म्हटलं की ५० गुण, कारण तो एक शब्द पन्नास शब्दांचा प्रतिनिधी. खोट्याला 'हो' म्हटलं की २५० वजा. पाच-दहा मिनिटांत आकडा हातात.

आठशे बावन्न

मिल्टन यांनी २००६ मध्ये या चाचणीच्या फ्रेंच आवृत्तीचे निकाल छापले. ब्रिटनमध्ये पाच वर्षं फ्रेंच शिकून सोळाव्या वर्षी सार्वजनिक परीक्षेला बसणाऱ्या मुलांना सरासरी शब्द येत होते ८५२. आणखी दोन वर्षं शिकून ए-लेव्हलपर्यंत पोचलेल्यांना सुमारे १,९३०. विद्यापीठात फ्रेंच घ्यायला येणारी मुलं ती हीच.

हा आकडा डोळ्यांसमोर आणून बघा. फ्रेंचमधले सगळ्यात वापरातले दोन हजार शब्द साधारण मजकुराचा सुमारे नव्वद टक्के भाग व्यापतात. म्हणजे तीनशे शब्दांच्या पानावर तीस अनोळखी शब्द. फ्रेंचची पदवी घ्यायला आलेल्या मुलाने प्रत्येक पानावर तीस वेळा थांबायचं. त्यात बिचारा स्वतःला भाषेत हुशार समजून आलेला, कारण शाळेत त्याला चांगलेच गुण पडत होते.

एक बाजू विद्यार्थ्यांच्या वतीने सांगायला हवी. तासांच्या हिशोबाने ब्रिटनमधल्या मुलांना फ्रेंचचा वर्ग मिळायचाच कमी. मिल्टन आणि मिएरा यांनी १९९८ मध्येच ब्रिटनमधल्या फ्रेंच शिकणाऱ्यांची तुलना जर्मनी आणि ग्रीसमधल्या इंग्रजी शिकणाऱ्यांशी केली होती. ब्रिटिश मुलं मागे होती, पण त्यांना मिळालेले तासही कमी होते. बेल्जियममध्येही एक बोलकी गोष्ट दिसली. एल्के पेटर्स आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये डच बोलणाऱ्या विद्यार्थ्यांचे फ्रेंच आणि इंग्रजी शब्द मोजले. फ्रेंच ही त्यांच्याच देशाची दुसरी भाषा, शाळेत ती इंग्रजीच्या आधीपासून. तरी त्यांना इंग्रजी शब्द जास्त येत होते, कारण इंग्रजी शाळेबाहेरही कानावर पडत होतं. मला हे लगेच पटलं. माझं फ्रेंच आठवड्यातून दोन संध्याकाळी वर्गात सुरू व्हायचं आणि जिना उतरेपर्यंत संपायचं.

मोजणीमुळे पुन्हा धोरणही बदललं. २०२२ मध्ये इंग्लंडच्या सरकारने सोळाव्या वर्षीच्या परीक्षेसाठी शब्दांची संख्याच ठरवून दिली: खालच्या स्तराला १,२०० आणि वरच्याला १,७००, त्यातले बहुसंख्य सगळ्यात वापरातल्या दोन हजारांमधले. म्हणजे वारंवारतेची यादी थेट अभ्यासक्रमात आली. बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं, निदान पाया पक्का होईल. विरोधकांचं म्हणणं, मुलांना ज्याबद्दल बोलायचंय त्या गोष्टींचे शब्द मागे राहतील. सत्तर वर्षांनी काटा पुन्हा टेबलावरून पडला म्हणायचा.

माझा निकाल

त्या पीडीएफ प्रकरणानंतर मी याच धर्तीची एक चाचणी दिली. शंभरपैकी ५८ खऱ्या शब्दांना 'हो' म्हटलं. ५८ गुणिले ५० म्हणजे २,९००. क्षणभर बरं वाटलं. मग कळलं की पाच खोट्या शब्दांनाही 'हो' म्हटलंय. वजा १,२५०. उरले १,६५०. ए-लेव्हलच्या सरासरीपेक्षा खाली, आणि बायोडेटामध्ये मी काय लिहिलं होतं ते सांगत नाही!

सहा महिन्यांनी पुन्हा दिली. या वेळी थोडीशी शंका आली तरी 'नाही' म्हणायचं ठरवलं होतं. ४७ खरे, एकही खोटा नाही. गुण २,३५०. 'हो' कमी म्हटलं आणि आकडा सातशेनी वाढला.

आता यात माझं फ्रेंच किती सुधारलं आणि नुसता स्वभाव किती बदलला? हाच प्रश्न ब्रसेल्समधल्या संशोधकांच्या एका गटाने २००१ मध्ये मांडला. 'हो' म्हणण्याचा कल माणसागणिक वेगळा असतो. एकाच ज्ञानाचे दोन विद्यार्थी, एक बिनधास्त आणि एक भित्रा, वेगळे गुण मिळवतात. तो कल गणिताने पूर्ण धुऊन काढता येत नाही. कुठलं सूत्र वापरायचं यावर पुढेही बराच खल झाला.

दुसरी अडचण सारख्या दिसणाऱ्या शब्दांची. १९९४ मध्ये मिएरा, लाइटबाउन आणि हॉल्टर यांनी कॅनडातल्या फ्रेंच भाषकांच्या इंग्रजीच्या चाचणीत नेमकं हेच तपासलं होतं. आपल्यासाठी ते उलट्या बाजूने खरं आहे. मेनू, गॅरेज, ब्यूरो, रेस्टॉरंट असे शब्द आपल्याला इंग्रजीमार्गे फुकट मिळतात. पण त्याच रांगेत 'लिब्रेरी' उभा असतो, ज्याचा अर्थ लायब्ररी नसून पुस्तकांचं दुकान. 'जुर्ने' उभा असतो, जो प्रवास नसून दिवस आहे. 'आक्त्युएलमां' म्हणजे 'सध्या'. आणि आमचा 'एव्हांत्युएलमां'.

आणि इथे ती चाचणी हरते. 'एव्हांत्युएलमां' हा खरा शब्द आहे. तो यादीत असता तर मी 'हो' म्हटलं असतं आणि मला ५० गुण मिळाले असते. खोटे शब्द टाकून माझी फुशारकी पकडता येते, पण चुकीचा अर्थ घेऊन बसलेली खात्री पकडता येत नाही. त्यासाठी अर्थच विचारावा लागतो. मॉन्ट्रियलमध्ये बतिस्ता आणि हॉर्स्ट यांनी २०१६ मध्ये फ्रेंचसाठी केलेल्या चाचणीत नुसतं 'हो-नाही' नाही, शब्द आणि अर्थ यांच्या जोड्या लावायच्या असतात. वेळ जास्त लागतो, पण मला वाटतं माझ्यासारखा माणूस तिथे सापडला असता.

आमच्या फ्रेंचच्या मादाम वर्गात नेहमी विचारायच्या, "समजलं?" आणि सगळा वर्ग एका सुरात 'वुई' म्हणायचा. मग त्या एकाला उभं करून म्हणायच्या, "मग सांग, काय समजलं ते." तेव्हा आम्हाला हा छळ वाटायचा.

हल्ली मी एक वही ठेवतो. त्यात येणारे शब्द लिहीत नाही. येतात असं वाटलं होतं पण आले नाहीत, तेच लिहितो. आत्तापर्यंत एकशे चौदा झालेत. पहिल्या पानावर पहिला शब्द कुठला आहे ते तुम्ही ओळखलं असेल. तो सहकारी पुढच्या वर्षी गणपतीला गावी गेला. जायच्या आधी माझ्या टेबलापाशी थांबून विचारलं, "काय रे, ग्राहकाचा काही ईमेल नाही ना आलेला?" मी म्हटलं, आलाय, पण त्यातला एक शब्द मला कळला नाहीये, त्यांनाच विचारलंय. तो हसला आणि बॅग उचलून निघाला.

आजच्या भागापुरतं एवढंच. कुठलीही भाषा शिकताना तुम्हीही असा एखादा 'येतो' वाटलेला शब्द चुकीचा वापरला असेल तर जरूर कळवा, माझी वही तुमच्याही शब्दांना मोकळी आहे. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, ओरव्वार!